डबे चार, मत एक
(अंबड येथील प्रौढ वर्गात दिलेले भाषण)



मागच्या आठवड्यात आपण वर्गात चार रिकामे डबे मांडले होते. एका डब्यावर विहिरीचे चित्र, दुसऱ्यावर दिव्याचे, तिसऱ्यावर बैलगाडीचे आणि चौथ्यावर झाडाचे. गावात आधी काय व्हावे, पाणी, वीज, रस्ता की झाडे, ते ठरवायचे होते. प्रत्येकाला एक चिंचोका दिला. एकेकाने पडद्याआड जायचे आणि मनात असेल त्या डब्यात चिंचोका टाकायचा. ३० जणांनी ३० चिंचोके टाकले. मोजले तेव्हा विहिरीला ११, दिव्याला ८, बैलगाडीला ७ आणि झाडाला ४ निघाले. विहीर निवडून आली.

तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "अहो, ११ जणांना विहीर पाहिजे. पण १९ जणांनी तर दुसरंच काही मागितलं. मग विहीर जिंकली कशी?"

प्रश्न मोलाचा आहे. त्या दिवशी वर्ग सुटायची वेळ झाली, म्हणून उत्तर राहून गेले. ते आज देऊ.

हा डब्यांचा खेळ आम्ही मनाने काढलेला नाही. आपल्या देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक अशीच झाली. २५ ऑक्टोबर १९५१ ला ती सुरू झाली आणि २१ फेब्रुवारी १९५२ ला संपली. मतदार होते १७ कोटींच्या वर. त्या काळी पाचांतल्या चार माणसांना अक्षर-ओळख नव्हती. पक्ष मात्र पन्नासाहून जास्त होते. मग ज्याला वाचता येत नाही त्याने पक्ष ओळखायचा कसा? त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे हा मोठा पेच होता.

त्यावर तोड निघाली ती निशाणीची. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याची निशाणी. काँग्रेसची बैलजोडी. समाजवादी पक्षाचे वडाचे झाड. किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी. जनसंघाची पणती. कम्युनिस्टांचा विळा आणि कणसे. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही बैल आणि हत्ती कळतो. मतदाराने कागद घ्यायचा, आड जायचे आणि हव्या त्या पेटीत टाकायचा. झाले मतदान.

आता आपल्या अंबडचे बघा. त्या वेळी आपला भाग हैदराबाद राज्यात होता आणि जिल्हा औरंगाबाद. निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ ला संपली होती. तोवर सरकारी कारभार उर्दूत चाले. शिकलेल्या मराठी माणसालासुद्धा कचेरीतला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. राज्य कोणी करावे, हे शेतकऱ्याला आणि मजुराला कोणी विचारलेच नव्हते. आणि राजवट गेल्यावर चार वर्षांच्या आत त्याच माणसाच्या हातात मताचा कागद आला! गावच्या पाटलाला एक मत, आणि त्याच्या शेतात राबणाऱ्या बाईलाही एकच मत. आमच्या मते त्या निवडणुकीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

१९५२ साली लोकसभेसाठी अंबड नावाचाच मतदारसंघ होता. तिथून काँग्रेसचे हनुमंतराव वैष्णव निवडून आले. शेजारच्या परभणीत शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे आले. बीडमध्ये पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र परांजपे आले. तीन शेजारी आणि तीन पक्ष! म्हणजे निरक्षर माणूस एकामागे एक मेंढरासारखा जातो, हे काही खरे नाही. ज्याने त्याने आपापले पाहून मत दिले.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या देशातला नियम साधा आहे. ज्याला सर्वांत जास्त मते पडतील तो निवडून येतो. निम्म्याहून जास्तच पडली पाहिजेत, असे नाही. उमेदवार दोनच असले तर जिंकणाऱ्याला निम्म्याहून जास्त मते पडतातच. चार असले की मते वाटली जातात आणि ३० पैकी ११ वरही काम भागते. १९५२ साली काँग्रेसला देशात शेकडा ४५ मते पडली, पण ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. बाकीची मते अनेक पक्षांत विखुरली.

सगळ्या देशांत असा नियम नाही. नेदरलँड्समध्ये पक्षाला जितक्या प्रमाणात मते, तितक्या प्रमाणात जागा मिळतात. तिथे फारसे मत वाया जात नाही. पण एका पक्षाचे सरकार होणे कठीण, म्हणून बरेच पक्ष मिळून कारभार करतात. आपल्याकडेही तसे घडते. २०२४ साली लोकसभेच्या ५४३ जागांपैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे २७२ जागा, एकाही पक्षाला एकट्याने मिळाल्या नाहीत. सर्वांत मोठ्या भारतीय जनता पक्षाला २४० मिळाल्या. त्याने मित्रपक्षांना बरोबर घेऊन सरकार बनवले. पक्ष निवडणुकीआधी आणि नंतर युती का करतात, ते आता ध्यानात येईल. दिवेवाले आणि गाडीवाले आधी एकत्र बसले असते, तर त्यांचे १५ झाले असते आणि विहीर हरली असती.

तेव्हा बाई, विहीर नियमाने जिंकली. पण तुम्ही विचारले तेही खरेच आहे. निवडून येणारा ११ जणांचा नसतो, ३० जणांचा असतो. त्या १९ जणांचे गाऱ्हाणे ऐकणे हे त्याचे काम आहे. ऐकत नसेल तर पाच वर्षांनी डबे पुन्हा मांडले जातात.

आता कोणी म्हणेल, "चित्र बघून मत देता येतं, तर मग या वयात पाटी कशाला?" त्यालाही उत्तर आहे.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्या राज्यात एका पक्षाची निशाणी होती तुतारी वाजवणारा माणूस. काही मतदारसंघांत अपक्ष उमेदवारांना पिपाणीची निशाणी मिळाली, आणि तिचे नावही मराठीत 'तुतारी' असेच लिहिले होते. साताऱ्यात जिंकणारा आणि हरणारा यांच्यात सुमारे ३३ हजार मतांचे अंतर होते. पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजार मते पडली. त्यांतली किती चुकून पडली, हे कोणीच सांगू शकत नाही. मत गुप्त असते. पण चित्राला चित्र फसू शकते, हे खरे. आता पेट्या गेल्या, मशीन आले. त्यावर निशाणीच्या जोडीला उमेदवाराचे नाव असते. ज्याला नाव वाचता येते, त्याला दोन खुणा मिळतात. एक चुकली तर दुसरी सावरते.

आणि सर्वांत महत्त्वाचे शेवटी सांगतो. पहिल्या निवडणुकीत देशातल्या सुमारे २८ लाख बायांची नावे यादीतून कमी करावी लागली. का? यादी करणारा दारात आला, तेव्हा त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. कोणी सांगितले, "अमक्याची बायको." कोणी सांगितले, "तमक्याची आई." परक्या पुरुषाला नाव सांगायचे नाही, अशी रीत होती. आयोग म्हणाला, मत माणसाचे असते, नात्याचे नसते, नाव पाहिजे. नाव मिळाले नाही, मतही गेले. हे मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत घडले. पण आपण हसू नये. आपल्याकडे बाई नवऱ्याचे नाव उखाण्यात घेते आणि स्वतःचे नाव विचारले की पदर तोंडाला लावते. या वर्गातही पहिल्या दिवशी आम्ही नाव विचारले, तेव्हा निम्म्या जणींनी मुलाचे नाव सांगितले होते!

म्हणून तीन गोष्टी करा. पहिली, मतदार यादीत आपले नाव स्वतः शोधा. नुसते ओळखपत्र असून भागत नाही. यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. घरात कोणाला १८ वर्षे पूर्ण झाली असतील, तर ६ नंबरचा अर्ज भरून द्या. दुसरी, ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तारीख आधी विचारून घ्यावी. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झाले, आणि त्याच दिवसांत साखर कारखाने सुरू होत होते. गाव एकीकडे, कोयता दुसरीकडे, आणि मत मधल्या मधे राहते. तिसरी, कोणी पैसे पुढे करील आणि म्हणेल, "कुणाला दिलं ते आम्हाला कळतं." त्याला कळत नाही. मत देण्यासाठी पैसे देणे आणि घेणे, दोन्ही गुन्हे आहेत.

कोणत्या डब्यात चिंचोका टाकावा, हे आम्ही सांगणार नाही. ते सांगणे आमचे कामही नाही. आमचे काम एवढेच, की डब्यावरचे तुम्हाला वाचता यावे आणि यादीतले आपले नाव बोट ठेवून दाखवता यावे.

चला, पाट्या काढा. आज धड्याचे शब्द नकोत. प्रत्येकाने स्वतःचे पूर्ण नाव लिहायचे. नवऱ्याचे नाव मागून येऊ द्या, आधी स्वतःचे.