यंत्रापुढें वाचणारें मूल

वर्गापुढें चुकण्याच्या भीतीनें मूक झालेलीं मुलें कोरेगांवाकडे शिकवितांना मीं पुष्कळ पाहिलीं. गूगलनें २०१९ सालीं भारतांत आणलेल्या व पुढें मराठीही शिकलेल्या वाचन-अ‍ॅपांत ‘दिया’ नांवाची सोबतीण मुलाचें मोठ्यानें वाचणें ऐकते, अडखळल्यास शब्द उच्चारून दाखविते. ती चिडत नाहीं. छडी तर तिच्याजवळ नाहींच! तारे मात्र ती अचूक शब्दांना देते, गोडीला नव्हे. ताऱ्यांसाठीं वाचणारें मूल तारे नसतील तेथें वाचीलच असें नाहीं. म्हणून जीभ सुटली कीं तासाचीं शेवटचीं दहा मिनिटें यंत्र मिटावें. सातारा जिल्ह्यांतील भिलार २०१७ सालीं पुस्तकांचें गांव झालें. तशींच वर्गांत पुस्तकें उघडीं मांडावीं, निवड मुलावर सोपवावी, आणि त्यानें एखादें अर्ध्यावर टाकलें तरी जाब विचारूं नये.