पहाटे गाडी लगेच का पकडत नाही?

बदलापूर, वांगणी, अंबरनाथच्या आसपासच्या गावांतून भाजी, फुलं नाहीतर डबे घेऊन कल्याण-उल्हासनगरला जाणाऱ्या आपल्या काही गटांकडे आता स्वतःची गाडी आहे. बहुतेक सेकंडहँड, ओम्नी नाहीतर ईको. ओम्नी तर २०१९ साली बनायचीच बंद झाली, म्हणजे आपल्या हातातली जुनीच. या गाड्यांची एक तक्रार बैठकांमध्ये फार ऐकू येते. पहाटे चारला सेल्फ मारत बसावं लागतं, आणि दुपारी तीच गाडी चावी फिरवल्याबरोबर चालू. इकडे जुड्या बांधून बायका खोळंबलेल्या, तिकडे बाजाराची वेळ निघून चाललेली.

यातली खरी अडचण म्हणजे हा दोष मेकॅनिकला दिसतच नाही. गाडी त्याच्याकडे पोचते तेव्हा इंजिन तापलेलं असतं आणि गाडी शहाण्यासारखी चालू होते. मग तो अंदाजाने एकेक पार्ट बदलत जातो आणि बिल आपण भरतो. दोष रोज बघते ती पहाटे गाडी काढणारी ताई. म्हणून निम्मं निदान तिच्याकडेच आहे. त्यासाठी पाना हातात धरायची गरज नाही. कान, नाक आणि वही पुरते.

आधी कानाचं काम. सेल्फ सुस्त, ओढल्यासारखा फिरतो, की जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही? सुस्त फिरत असेल तर पेट्रोलकडे जाऊच नका, बॅटरी बघा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर ती साफ करून घ्या. साधा मल्टिमीटर लावला तर रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२च्या खाली असेल तर ती अर्धीच भरलेली आहे. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तरी बॅटरीवर संशय घ्यायचा.

सेल्फ जोरात फिरतोय आणि तरी वेळ लागतोय, तेव्हा खरा शोध सुरू होतो. चावी फक्त 'ऑन'वर न्या, सेल्फ मारू नका. टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो, नळीत दाब भरतो आणि थांबतो. चावी बंद करा, पुन्हा 'ऑन' करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. आता गाडी झटकन पकडली, तर समजा की रात्रीत नळीतला दाब उतरतोय. आपल्या गावच्या हातपंपासारखंच आहे हे. खालची झडप गेली की पाणी खाली उतरतं, आणि सकाळी पहिली कळशी भरायला दांडा मारून हात दुखतात. नंतर दिवसभर पाणी येतं.

दाब दोन ठिकाणी उतरू शकतो. पंपातली झडप ढिली झाली तर पेट्रोल मागे टाकीत जातं. इंजेक्टर गळत असेल तर ते पुढे इंजिनात टपकतं. इथे नाक कामाला येतं. पहिल्या मिनिटाला पेट्रोलचा वास, काळा धूर आणि इंजिनाचं अडखळणं असेल तर इंजेक्टर बघायला सांगा. वास नाही, धूर नाही, नुसता उशीर, तर बहुधा झडप. सीएनजी किट बसवलेल्या गाडीत हे जास्त बघा. आपण पेट्रोल कायम रिझर्व्हवर ठेवतो, आणि टाकीतला पंप थंड राहतो तो भोवतीच्या पेट्रोलमुळेच.

तीनदा चावी फिरवूनही फरक पडला नाही, तर इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर तपासायचा. चूल पेटवताना आधी काटक्या जास्त लागतात, तसं गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, कारण गार लोखंडावर पेट्रोलची वाफ नीट होत नाही. जुन्या गाडीत आपण चोक ओढायचो तो यासाठीच. आता किती पेट्रोल सोडायचं ते गाडीतला कॉम्प्युटर या सेन्सरवरून ठरवतो. सेन्सर 'इंजिन तापलंय' असं खोटंच सांगत असेल तर पेट्रोल कमी पडतं. (म्हणूनच इंजेक्शनच्या गाडीत सेल्फआधी पेडल दाबत बसून काही मिळत नाही.) स्कॅनर लावायचा तो पहाटे, गाडी चालू करण्याआधी. तेव्हा इंजिनाचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच दिसायला हवं. बाहेर १६ अंश आणि स्कॅनरवर ७०, तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली. गाडी कधी पुरात उभी होती का, हेही विचारा. २००५ आणि २०१९च्या जुलैमध्ये उल्हास नदीचं पाणी कुठवर आलं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. पाण्यात राहिलेल्या गाडीच्या वायरींचे जोड आतून गंजतात आणि सेन्सर चांगला असूनही निरोप चुकीचा जातो.

आता वही. आपल्या पंचसूत्रीत हिशोब लेखन आहेच, त्याच सवयीने आठ दिवस लिहा. गाडी किती तास उभी होती, किती सेकंदांनी पकडली, चावी किती वेळा फिरवली, वास आला का. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवू नका, तो धूर जीवघेणा असतो. आणि पेट्रोलची नळी स्वतः उघडू नका, आत दाब असतो.

बदलापूरच्या पलीकडच्या एका गटाने असंच केलं. त्यांचे आधी प्लग बदलून झाले होते, फिल्टर बदलून झाला होता, आणि मेकॅनिक आता पंप बदलू म्हणत होता. वहीत दिसलं की नुसत्या सेल्फने नऊ-दहा सेकंद लागतात, तीनदा चावी फिरवली की दोन. वासही नाही. त्यांनी वही दाखवली आणि गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवली. सकाळी मेकॅनिकने गेज लावला. चालू गाडीत दाब बरोबर होता, बंद केल्यावर भराभर उतरत होता. म्हणजे पंपाचा अंदाज खरा निघाला, पण प्लग आणि फिल्टरचे पैसे आधीच गेले होते. तरी एक गोष्ट मिळाली. पंप चालतोय, फक्त झडप धरत नाही, हे कळल्यामुळे खर्च त्याच दिवशी करायची घाई उरली नाही. गाडी चालवणारी ताई रोज तीनदा चावी फिरवून निघते, टाकीत पेट्रोल पाव भागाखाली जाऊ देत नाही, आणि नव्या पंपाच्या कर्जाचा ठराव गटाने पुढच्या बैठकीत घेतलाय.