जंगलाचा कायदा की पिंजऱ्याचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या अध्यापनात एक युक्तिवाद मी वारंवार ऐकला : बलवानाने दुर्बळावर सत्ता गाजवावी हा निसर्गनियमच आहे, समाजवाद त्याविरुद्ध जातो. दाखला म्हणून लांडग्यांच्या कळपातील म्होरक्या पुढे केला जाई.

हा म्होरक्या आला कोठून? १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे अग्रस्थानासाठी झुंजी चालत. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथाने ही कल्पना सर्वदूर नेली. पुढे एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे न्याहाळल्यावर १९९९ मध्ये त्यांनीच ती दुरुस्त केली. रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब. म्होरके म्हणजे आईबाप. कळप आपला मुलूख राखतात, शेजाऱ्यांशी जीवघेणे लढतातही. निसर्ग म्हणजे काही आश्रम नव्हे. परंतु आपसातील ती अखंड झुंज परक्यांना एकत्र कोंडल्याने उपजली होती. जंगलाचा म्हणून सांगितला गेला तो कायदा पिंजऱ्याचा होता!

दुसरे उदाहरण केनियातील मसाई माराचे. रॉबर्ट सापोल्स्की तेथे बबून माकडांच्या एका टोळीचा अभ्यास करीत होते. १९८० नंतरच्या दशकात पर्यटक-निवासाच्या उकिरड्यावरील दूषित मांसातून क्षय पसरला. शेजारच्या टोळीशी झुंजून तेथे अन्न लुटणारे आक्रमक नर मेले, मवाळ उरले. १९९३ पर्यंत त्यांपैकीही कोणी राहिला नाही. तरी बाहेरून आलेल्या नव्या नरांत सौम्य रीत टिकली, असे सापोल्स्की आणि लिसा शेअर यांनी २००४ मध्ये दाखवून दिले. उतरंड संपली नव्हती. पण वरच्याने खालच्याला छळणे घटले होते. तेथील माद्या नवागतांना लवकर जवळ करीत, हे त्यामागचे एक संभाव्य कारण.

माणसाची नीती माकडांवरून ठरवावी, असे मी म्हणत नाही. परंतु 'हे असेच चालायचे' हे वाक्य जेथे माकडांनाही लागू पडत नाही, तेथे ते गिरणीच्या फाटकावर किंवा शेतमजुराच्या वस्तीत आपण का ऐकून घ्यावे?

आणि एक प्रश्न स्वतःलाही. जुलमी गेले म्हणजे जुलूम संपतोच असे नाही. नव्याने येणारा काय शिकतो, यावर ते ठरते. आपल्या शाखेत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या पोराला आपण जवळ बसवतो, की दाराशी उभे करतो? आपली समता तेथूनच मोजली जाईल.