पाण्यावांचून सोनें धुणें

नागपुरांत इतवारीच्या सराफा ओळींत पहांटेच्या वेळीं, दुकानांचीं दारें उघडण्यापूर्वीं, कांहीं माणसें खालीं मान घालून रस्ता झाडतांना दिसतात. त्यांच्या हातीं रस्ते झाडण्याचा मोठा खराटा नसतो. लहानसा मऊ कुंचा असतो. पायरीच्या सांध्यांतील, फरशीच्या भेगेंतील, नालीच्या कांठावरील धूळ तीं माणसें मोठ्या निगुतीनें घमेल्यांत भरून घेतात. जाणाऱ्या-येणाऱ्याला तो केर वाटतो. त्यांच्या दृष्टीनें तें शेत असतें. सोनाराच्या कानशीखालून उडालेला, कपड्यावर बसून बाहेर आलेला, झाडूबरोबर उंबरठा ओलांडलेला सोन्याचा कण त्या धुळींत असतो, आणि तो शोधून काढणें हा त्यांचा पिढीजात धंदा आहे. या लोकांना सोनझारी म्हणतात. मराठींत सोनाराचा केर धुणारासाठीं झारेकरी असाहि एक जुना शब्द आहे.

सराफा ओळ हें त्यांचें मूळ स्थान नव्हे. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ इ. स. १९१६ मध्यें प्रसिद्ध केला, त्यांत सोनझाऱ्यांना स्वतंत्र जागा दिलेली आहे. मंडला, बालाघाट, चांदा या जिल्ह्यांत नदीनाल्यांची वाळू धुऊन सोनें काढणारी एक लहानशी जात, अशी त्यांची तेथें नोंद आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींत गोंड या नांवाखालीं ज्या अनेक शाखा दिलेल्या आहेत, त्यांत 'सोनझारी झारेका' हेंहि नांव आढळतें. नदी सोडून गल्लींत आलेल्यांनीं आपली विद्या बदलली नाहीं. वाळूच्या जागीं धूळ आली इतकेंच.

ही विद्या पाहावयास सोपी आहे. लाकडी काठवटींत वाळू घ्यावी, पाण्यांत धरून गोल हेलकावे द्यावे, हलकें तें कांठावरून वाहून जाऊं द्यावें आणि जड तें तळाशीं राहूं द्यावें. मात्र हे हेलकावे किती आणि कसे, हें मनगटालाच ठाऊक असतें. शेवटीं काठवटीच्या तळाशीं काळ्या वाळूची एक बारीक रेघ उरते आणि त्या रेघेच्या टोकाला, दैव अनुकूल असेल तर, पिवळा ठिपका दिसतो.

पण जेथें पाणीच नाहीं तेथें काय करावें? वाळवंटांत सोनें नसतें असें नाहीं. क्वचित् कोसळणाऱ्या पावसानें डोंगर झिजतात, दगडाच्या शिरेंतील सोनें सुटें होऊन ओढ्यांत येतें, आणि ओढा दोन दिवसांत आटून जातो. सोनें राहतें; तें धुण्याचें साधन राहत नाहीं. या अडचणीवर मनुष्यानें जो तोड काढला, तो विदर्भांतील कोणत्याहि शेतकऱ्याला सांगतांच समजेल, कारण तो त्याच्या खळ्यावरचाच आहे. मळणी झाल्यावर तिवईवर उभें राहून सुपांतून धान्य सोडतात. वारा भूस पलीकडे नेतो आणि दाणा पायाशीं पडतो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागांत इ. स. १८९२ मध्यें बेली आणि फोर्ड यांना कूलगार्डी येथें सोनें सांपडलें, दुसऱ्या वर्षीं पॅडी हॅनन व त्याच्या सोबत्यांना कॅलगुर्ली येथें सांपडलें, आणि हजारों माणसें त्या रुक्ष प्रदेशांत धांवलीं. त्यांनीं आरंभीं हेंच केलें. दोन थाळ्या घ्यावयाच्या, एक डोक्याइतकी उंच धरून तींतील माती खालच्या थाळींत ओतावयाची, वाऱ्यानें धूळ न्यावयाची, पुन्हां थाळ्या बदलावयाच्या. शेवटची चिमूट उरली म्हणजे ती तोंडानें फुंकावयाची. या रीतीला ते लोक कोरडें फुंकणें म्हणत.

वारा मात्र कोणाच्या हुकुमांत नसतो. म्हणून वाऱ्याच्या जागीं भाता आला. मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतांतील खाणकऱ्यांना ही युक्ति पूर्वींपासून अवगत होती; कॅलिफोर्नियांत सोनें सांपडल्याची वार्ता इ. स. १८४८ मध्यें पसरली, तेव्हां ते लोक आपली कोरडी विद्या घेऊन उत्तरेस गेले. तेथील एका गांवाला त्यांच्यावरून सोनोरा हेंच नांव पडलें. इंग्रजींत या यंत्राला ड्रायवॉशर म्हणतात, म्हणजे कोरडें धुणारें. नांवांत विरोध आहे, कामांत नाहीं.

यंत्राची रचना अशी. वर पाभरीच्या चाड्यासारखें एक मोठें चाडें असतें आणि त्याच्या तोंडावर उतरती चाळणी. फावड्यानें टाकलेल्या मातींतील गोटे चाळणीवरून घरंगळून जातात, बारीक माल चाड्यांत उतरतो. तेथून तो एका उतरत्या तबकावर पडतो. या तबकाचा तळ लाकडाचा नसून मांजरपाटासारख्या घट्ट विणीच्या कापडाचा असतो, आणि त्यावर थोड्याथोड्या अंतरानें आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. कापडाखालीं भाता. हातदांडा फिरविला कीं भाता धापा टाकल्याप्रमाणें वारा सोडतो, आणि प्रत्येक धापेसरशीं कापडावरील वाळू क्षणभर उचलली जाऊन परत बसते. हलकी वाळू उंच उडते व पट्टी ओलांडून एक पाऊल पुढें जाते. सोन्याचा कण उचलला जात नाहीं, तो हळूहळू थराखालीं शिरतो आणि पट्टीच्या मागें अडकतो. वारा अखंड असेल तर हें साधत नाहीं. उचलणें आणि बसूं देणें, या दोहोंच्या मध्यें जो विसावा असतो, त्यांतच जड आणि हलकें यांची निवड होते. तबकाचा उतार फार झाला तर सोनेंहि निसटतें, कमी पडला तर वाळू तुंबते. जाणता कारागीर टाकाऊ ढिगांतील माती पुन्हां एकदां यंत्रांतून काढून पाहतो. तींत सोनें निघालें तर दोष जमिनीचा नसून यंत्राच्या मांडणीचा आहे हें त्याला कळतें.

जागा निवडणें ही खरी परीक्षा होय. कोरड्या ओढ्याच्या वळणावर आंतल्या अंगाला, मोठ्या धोंड्याच्या खालच्या बाजूस, तळच्या खडकाच्या भेगांत, जेथें जेथें लोंढ्याचा जोर मंदावला असेल तेथें जड माल बसतो. वाळवंटांत पुष्कळदां चुन्याच्या गारीसारखा एक कठीण थर जमिनींत बनलेला असतो. सोनें खालच्या खडकापर्यंत न जातां त्याच थरावर थांबतें. म्हणून शहाणा शोधक एकाच खड्ड्यावर भिस्त ठेवीत नाहीं. ओढ्याच्या निरनिराळ्या जागांची थोडथोडी माती घेऊन ती वेगवेगळी पाखडतो आणि कोठें किती कण निघाले याची नोंद ठेवतो. कण वाढत जातात त्या दिशेस तो चढत जातो.

जमिनींतून सोनें वर आणणाऱ्या मुंग्यांची कथा हिरोडोटसनें लिहून ठेविली आहे, आणि महाभारताच्या सभापर्वांत युधिष्ठिराला आलेल्या उपायनांतहि पिपीलिकांनीं काढलेल्या सोन्याचा उल्लेख आहे. वारुळाची उकरलेली माती पाहून खालच्या जमिनीचा अंदाज बांधणारा एखादा चतुर माणूस या कथेमागें असेल काय, अशी कल्पना मनांत येते. पण ती कल्पनाच.

आतां या यंत्राची उणी बाजू. सोनें पाण्याच्या १९.३ पट जड, गारेची वाळू २.६५ पट. हवेंत दोहोंचें प्रमाण सुमारें सव्वासात पट पडतें. पाण्यांत बुडालेली वस्तु स्वतःच्या आकाराएवढ्या पाण्याच्या वजनानें हलकी होते, हा आर्किमिडीजचा नियम लावला तर सोन्याचे १८.३ आणि वाळूचे १.६५ उरतात, म्हणजे प्रमाण अकरा पटींवर जातें. पाणी नुसतें वाहून नेत नाहीं, तें जड व हलकें यांतील अंतर वाढवितें. वाऱ्याला हें जमत नाहीं. म्हणून कोरड्या यंत्रांत ठळक कण राहतात, पण पिठासारखें बारीक आणि पापुद्र्यासारखें चपटें सोनें धुळीबरोबर जातें. शिवाय माती अगदीं शुष्क हवी. मूठ आवळून सोडल्यावर ढेकूळ तसेंच राहिलें, तर ती माती यंत्राच्या कामाची नाहीं. ओल्या चिकणमातींत गुरफटलेला कण त्या गोळ्याबरोबर पट्टी ओलांडून निघून जातो.

मोठ्या प्रमाणावर ही रीत चालविण्याचा यत्न एडिसनसारख्या कल्पकानेंहि करून पाहिला. इ. स. १९०० च्या सुमारास न्यू मेक्सिकोंतील डोलोरेस गांवीं त्यानें पाण्यावांचून सोनें वेगळें करण्याचा कारखाना उभारला. तो यशस्वी झाला नाहीं. ज्यानें घरोघर दिवा नेला, त्याला वाळवंटांतील रेतीनें हार खावयास लावली.

आणि मनुष्याचें काय झालें? कूलगार्डीला पिण्याचें पाणी विकत घ्यावें लागे व तें अतिशय महाग असे. विषमज्वरानें पुष्कळ माणसें गेलीं. फुंकणारांच्या फुप्फुसांत गारेची जी धूळ दिवसेंदिवस जाई, ती पुन्हां बाहेर पडत नसे. अशा धुळीनें फुप्फुसें कठीण होत जातात आणि त्या रोगावर औषध नाहीं. आजहि हें यंत्र चालविणारानें वाऱ्याची दिशा पाहून, धुळीचा लोट अंगावर येणार नाहीं असें उभें राहावें व नाकातोंडावर चांगल्या प्रतीचा मुखपट्टा बांधावा. नुसत्या उपरण्यानें ही धूळ अडत नाहीं. अखेर सी. वाय. ओकॉनर या स्थापत्यविशारदाच्या योजनेनें समुद्राकडील डोंगरांतून सुमारें ५६० किलोमीटर लांबीची नळवाट या प्रदेशांत आली. इ. स. १९०३ च्या जानेवारींत पाणी पोंचलें, तें पाहावयास ओकॉनर नव्हता. टीकेनें त्रस्त होऊन त्यानें आदल्या वर्षींच्या मार्चमध्यें आत्महत्या केली होती.

नागपूरच्या परिसरांत हें यंत्र उपयोगी पडेल काय, असा प्रश्न कोणीहि विचारील. भिवापूर तालुक्यांत परसोडी आणि कोलारी-भावरी या भागांत, साकोलीच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन खडकांत, भूवैज्ञानिकांना सोन्याचीं चिन्हें आढळलीं आहेत. पण तें सोनें कठीण दगडांत आहे; तेथें भात्याचें काम नाहीं, आणि इ. स. १९५७ च्या खनिज कायद्यानंतर परवान्यावांचून तें काढण्याची मुभाहि कोणाला नाहीं. वैशाखांत येथील नाले वरून कोरडे दिसतात, पण वीतभर उकरलें कीं ओल लागते. राहिली सराफा ओळींतील धूळ. तिच्यांत सोनें आहे, परंतु तें कानशीचें, पिठाहूनहि बारीक. भात्याचा वारा लागला तर तें प्रथम उडेल. नालींतील गाळ तर ओलाच असतो. म्हणजे सोनझाऱ्याला काठवट आणि पाणी सोडून चालत नाहीं.

त्याची खरी अडचण निराळी आहे. बारीक सोनें धरण्यासाठीं गाळांत पारा घालतात. पारा सोन्याला कवटाळतो, मग तो गोळा तापवून पारा उडवितात. ती वाफ डोळ्यांना दिसत नाहीं, पण मज्जातंतू आणि मूत्रपिंडें यांवर तिचा घाला पडतो; आणि हें तापविणें जर राहत्या खोलींत, चुलीवर, मुलाबाळांच्या देखत होत असेल, तर विष एकट्या कर्त्या पुरुषापुरतें राहत नाहीं. पाऱ्याचा वापर घटविण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारतानें इ. स. २०१८ मध्यें मान्यता दिली. करारानें पारा महाग होईल, दुर्मिळ होईल. त्याच्या जागीं काय वापरावें हें गल्लींत जाऊन कोणी तरी दाखविलें पाहिजे. वाफ कोंडून पारा परत मिळविणारें झांकणाचें भांडें ही कांहीं मोठी किंमतीची वस्तु नव्हे.

कायद्याचा हात या धंद्याला पूर्वींहि लागलेला आहे. इ. स. १९६३ च्या जानेवारींत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटांहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. देशभर सोनारांचे हात रिकामे झाले. ती मनाई इ. स. १९६६ मध्यें उठली, तरी नियंत्रणाचा कायदा इ. स. १९९० पर्यंत टिकला. सोनारांच्या हालांविषयीं त्या काळीं पुष्कळ लिहिलें गेलें. पण कानस थांबली कीं केरांतील कणहि थांबतो, याची आठवण फारशी कोणाला झाली नाहीं. आतां यंत्रांवर दागिने घडतात, धूळ ओढून घेणारे पंखे पिशव्यांत कण सांठवितात, आणि उंबरठ्याबाहेर पूर्वींइतकें कांहीं सांडत नाहीं.

तरीहि कुंचा फिरतो. दिवसभर धुतलेल्या केरांतून कधीं गुंजभर निघतें, कधीं तेंहि नाहीं. जें निघतें तें फडक्याच्या गांठींत बांधून सोनझारी पुन्हां त्याच ओळींत येतो, आणि ज्या पायरीखालचा केर त्यानें पहांटे उचलला असेल, तिच्यावरच्याच दुकानांत तो कण काट्यावर चढतो.