कथेंतील पात्रें व मुलांची न्यायबुद्धि

गोष्ट संपली कीं बहुतेक घरांत व शाळांत मुलांना एकच प्रश्न विचारला जातो : ‘या गोष्टीपासून बोध काय घ्यावा ?’ मुलेंही ठराविक उत्तर देतात आणि गोष्ट तेथेंच मिटते. दुसरा प्रश्न बहुधा मुलेंच विचारतात : ‘यांत चांगला कोण आणि वाईट कोण ?’ या दोन्ही प्रश्नांत दोष हा कीं, त्यांच्या उत्तरासाठीं गोष्ट पुन्हा उघडून पाहावी लागत नाहीं. तिसरा एक प्रश्न मात्र असा आहे कीं, तो विचारला म्हणजे मुलाला गोष्टीकडे परत जावेंच लागतें. तो प्रश्न म्हणजे, ‘हे दोघे सारखे कशांत आहेत आणि निराळे कशांत आहेत ?’

ही रीति नवी नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत जन्मलेल्या प्लूटार्क या ग्रीक ग्रंथकारानें एक ग्रीक व एक रोमन अशा जोड्या लावून थोर पुरुषांचीं चरित्रें लिहिलीं, आणि बहुतेक जोड्यांच्या शेवटीं दोघांची तुलना करणारें लहानसें प्रकरण जोडलें. ग्रीसच्या डिमॉस्थेनिसशेजारीं त्यानें रोमचा सिसरो बसविला, कारण दोघेही वक्ते होते आणि दोघांनाही राजकारणाची झळ लागली होती. तुलनेचें पहिलें सूत्र येथें हातीं लागतें. साम्य आधीं शोधावें, भेद मागाहून. हत्ती आणि पाटी यांत फरक काय, असें विचारलें तर मूल हसेल. आणि तें हसणें योग्यच होय. जेथें कांहींच समान नाहीं, तेथें भेदाला अर्थ उरत नाहीं.

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठीं हितोपदेशांतील तीन माशांची गोष्ट फार सोयीची आहे. तळें एकच, आणि उद्यां कोळी येणार ही वार्ताही एकच. अनागतविधाता त्याच वेळीं दुसऱ्या तळ्यांत निघून जातो. प्रत्युत्पन्नमति मागें राहतो, जाळ्यांत सांपडतो, परंतु मेल्याचें सोंग करून पडून राहतो आणि जाळ्याबाहेर काढतांच उडी मारून खोल पाण्यांत जातो. यद्भविष्य ‘व्हायचें तें होईल’ असें म्हणून बसतो आणि मरतो. येथें संकट समान आहे, म्हणून स्वभावांतील भेद लख्ख दिसतो. पाटीवर तीन रकाने आंखावे आणि प्रत्येक माशाविषयीं तीनच गोष्टी लिहवून घ्याव्या : त्याला काय कळलें, तो काय बोलला आणि त्यानें काय केलें. मग विचारावें, ‘पहिले दोघेही वांचले, तर मग ते सारखेच शहाणे म्हणावयाचे काय?’ एखादें मूल म्हणेल, दुसरा अधिक हुशार. दुसरें म्हणेल, पहिल्याला हुशारी दाखविण्याची पाळीच आली नाहीं. हा वाद मोठ्या माणसानें मिटवूं नये. मूल आपल्या मतासाठीं कथेंतील आधार शोधूं लागलें, येवढें फळ पुरेसें आहे.

मूल दहा-अकरा वर्षांचें झालें म्हणजे साम्य अधिक जवळचें आणि भेद अधिक सूक्ष्म असा घ्यावा. रामायणांतील लक्ष्मण आणि भरत हे त्यासाठीं उत्तम. रामावरील प्रेम दोघांचेंही सारखेंच उत्कट. वनवासाची वार्ता ऐकतांच लक्ष्मण बळानें राज्य घेण्याची भाषा बोलतो, आणि रामानें समजाविल्यावर त्याच्याबरोबर वनांत जातो. भरत त्या वेळीं आजोळीं असतो. परत आल्यावर तो स्वतःच्या आईचा धिक्कार करतो, रामाला आणण्यासाठीं चित्रकूटाला जातो, आणि राम येत नाहीं असें पाहून पादुका घेऊन नंदिग्रामीं चौदा वर्षें कारभार पाहतो. एकानें जवळ राहून सेवा केली, दुसऱ्यानें दूर राहून. भरत सैन्यासह येत आहे असें झाडावरून दिसतांच लक्ष्मण त्याला शत्रु समजतो, हा प्रसंग मुलांना आवर्जून दाखवावा. ज्याचें प्रेम आपल्यासारखेंच आहे, त्यालाच लक्ष्मणानें ओळखलें नाहीं; तें कां, या प्रश्नाशीं मुलें पुष्कळ वेळ रमतात. प्रेम दाखविण्याची रीति निराळी असली म्हणजे प्रेमच नाहीं असें माणसें समजतात, हें कोणी न सांगतां त्यांच्या ध्यानांत येतें.

परंतु तुलनेची खरी कसोटी लागते ती कुंभकर्ण व बिभीषण या जोडीवर. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपुढें ती ठेवण्याजोगी आहे. दोघेही रावणाचे सख्खे भाऊ. सीतेचें हरण हें अनुचित कर्म झालें, हें दोघांनाही कळतें आणि दोघेही तें रावणाच्या तोंडावर सांगतात. बिभीषण पुन्हा पुन्हा सांगतो, अपमान सोसतो, आणि शेवटीं चार सोबत्यांसह लंका सोडून रामाकडे जातो. कुंभकर्णही, आधीं विचार न घेतल्याबद्दल, रावणाला कठोर शब्दांत दोष देतो. पण रावण रागावल्यावर भाऊ म्हणून शस्त्र उचलतो आणि रणांत पडतो. ज्ञान समान, निर्णय उलट. ‘चांगला कोण, वाईट कोण’ हा प्रश्न येथें लंगडा पडतो.

या जोडीसाठीं पाटीवर आणखी एक ओळ वाढवावी : ‘कोणीं काय गमावलें ?’ कुंभकर्णानें प्राण गमावला, आणि ज्या पक्षाला तो अन्यायाचा म्हणत होता त्याच्यासाठीं गमावला. बिभीषणानें घर गमावलें, सुग्रीवाचा संशय सोसला. त्याला लंकेचें राज्य मिळालें हें खरें, पण लोकांच्या बोलण्यांत ‘घरभेदी’ हा शब्दही त्याच्याच वांट्याला आला. मुलें प्रथम एकाच बाजूला धांवतात. कोणी म्हणतें, भावाला सोडणारा तो कसला भाऊ ? कोणी म्हणतें, चूक कळूनही लढणारा तो कसला शहाणा ? अशा वेळीं त्यांना रावणवधानंतरचा भाग वाचावयास सांगावें. तेथें बिभीषण रावणाच्या देहापाशीं शोक करतो. सोडून गेलेला भाऊ रडतो कां, हें मुलाला सांगतां येईना झालें कीं, त्याचें पहिलें मत हलूं लागतें. मत हलणें म्हणजे मन कच्चें असणें नव्हे. पुरावा पाहून मत बदलणें हीच न्यायबुद्धीची सुरुवात होय.

महाभारतांतही याच तोलाची जोडी आहे. द्यूतसभेंत द्रौपदीची बाजू घेऊन बोलणारा विकर्ण युद्धांत कौरवांकडूनच लढला आणि भीमाच्या हातून पडला. धृतराष्ट्राचाच पुत्र युयुत्सु मात्र युद्धारंभीं पांडवांकडे गेला. एक जोडी घरीं बोलून झाली असेल, तर दुसरी मुलांनी स्वतः मांडावी, आणि मोठ्यांनी नुसतें ऐकावें.

या शिक्षणांत दोन पथ्यें पाळावीं लागतात. पहिलें असें कीं, तुलना म्हणजे क्रमांक लावणें नव्हे. ‘दोघांत श्रेष्ठ कोण’ असें विचारतांच मूल शोध थांबवून वकिली करूं लागतें. दुसरें पथ्य अधिक महत्त्वाचें. पात्रांच्या तुलनेवरून घरांतल्या मुलांच्या तुलनेवर कोणीं उतरूं नये. ‘भरत पाहा कसा, आणि तूं कसा’ हें वाक्य उच्चारलें कीं मुलाला भरताचा कंटाळा येतो. आणि ‘तुझी बहीण पाहा’ हें वाक्य उच्चारलें कीं कंटाळ्याच्या जागीं वैर येतें. गोष्टींतील माणसें आपल्याविषयीं बोललेलें ऐकत नाहींत, म्हणूनच त्यांच्यावर न्यायाचा अभ्यास करतां येतो. शेजारच्या खोलींतील मूल तें ऐकतें.

घरांत दोन मुलें भांडत येतात तेव्हां आईबाप पुष्कळदां आधीं निकाल देतात आणि मागाहून चौकशी करतात. ज्या मुलानें बिभीषण व कुंभकर्ण यांचें म्हणणें शेजारीं शेजारीं लिहून पाहिलें आहे, तें पुढें शाळेंत, कचेरींत किंवा सभेंत दोन माणसांचा तंटा ऐकेल तेव्हां आधीं विचारील : दोघांना काय ठाऊक होतें, दोघे काय बोलले, दोघांनीं काय केलें आणि दोघांनीं काय गमावलें ? येवढे चार प्रश्न विचारून मग निकाल देणारीं माणसें समाजांत वाढावीं, यासाठीं रात्रीच्या गोष्टीनंतरची दहा मिनिटें खर्ची पडलीं, तर ती किंमत मुळींच जास्त नाहीं.