खाडा
(ऊसतोड महिलांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)

आज मी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीबद्दल बोलणार आहे. तिचं नाव घेत नाही, कारण तिच्या दोन मुली याच भागात राहतात.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत पाचवी ते आठवी आम्ही एका बाकावर बसलो. मी वर्गाची मॉनिटर. दिवाळी झाली की हजेरीत तिच्या नावापुढे रोज खाडा पडायचा. "कारखान्याला गेलीय," मी गुरुजींना सांगायची. पाडव्याच्या सुमारास ती परतायची, हातांवर पाचटाचे ओरखडे घेऊन. माझ्या वह्या न्यायची आणि आठवडाभरात सगळी गणितं सोडवून आणायची. सातवीत असताना मुकादमाच्या वहीतली चुकलेली बेरीज तिनं वडिलांना दाखवून दिली होती.

नववीत तिचं लग्न लावलं. कायद्यानं तेव्हाही मुलीला १८ वर्षं पूर्ण लागत होती. ती १५ची होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल मिळते ती जोडीला. सासरच्यांना कोयता पुरा करायचा होता.

मी शहरात गेले, एम.एस.डब्ल्यू. झाले. २०१५ साली तिचा फोन आला. "अंगावरून लई जातंय. डॉक्टर म्हणतोय पिशवी काढ. काढू का गं?" ती २६ वर्षांची होती. मी एका शिबिरात होते. "घाई करू नकोस, दुसऱ्या डॉक्टरला दाखव," एवढं सांगून मी फोन ठेवला. दुसरा डॉक्टर कुठे आहे, गाडीभाडं कोण देणार, सोबत कोण येणार, यातलं काहीच मी विचारलं नाही. आठवड्याभरात तिची पिशवी काढली गेली.

२०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल आला. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. हा आकडा मी किती सभांत सांगितला! माझ्या बाकावरची मैत्रीण त्यांच्यासारखीच, हे मात्र कुठेच बोलले नाही.

२०२२च्या जानेवारीत फडावर तिला ताप भरला. खाडा केला की मुकादम पैसे कापतो. म्हणून तीन दिवस तापातच ती मोळ्या वाहत राहिली. चौथ्या दिवशी कोपीवरून दवाखान्यात नेताना वाटेतच गेली. वय ३३. फिटायची राहिलेली उचल नवऱ्याच्या नावावर चढली, आणि पुढच्या हंगामात थोरली मुलगी शाळा सोडून फडावर गेली. आता हजेरीत तिचा खाडा पडू लागला. गावातल्या बायका आणि मी मिळून भांडलो, तेव्हा कुठे ती वसतिगृहात राहून पुन्हा शिकायला लागली.

आपल्या मागण्या स्पष्ट आहेत. आजारपणाच्या दिवसाचे पैसे कापू नयेत. बाईच्या मजुरीचा हिशेब तिच्या नावानं वेगळा लिहावा. फडाजवळ दवाखान्याची सोय असावी. यासाठी आपण मोर्चे काढूच. पण एक काम उद्यापासून आपल्याच हातात आहे. कुणा बाईला डॉक्टरनं पिशवी काढायला सांगितली, तर तिला फोनवर सल्ला द्यायचा नाही. आपल्यापैकी एकीनं तिच्यासोबत दुसऱ्या दवाखान्यात जायचं. त्या दिवशी आपल्या कामाचा खाडा झाला तर होऊ द्या.

माझा तो खाडा २०१५ साली करायचा राहून गेला.