नव्या हंगामातील षटकार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा किमान वेतन किंवा भविष्यनिर्वाह निधी असे काही उत्तर येईल अशी त्यांची समजूत असावी. आम्ही ‘षटकार’ म्हणालो. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग चालक म्हणाले, “म्हणजे, रूपकात्मक?” आम्ही म्हणालो, “नव्हे, बॅटने मारतात तेच.”

आता कारण सांगतो. आम्ही सोलापुरातील यंत्रमाग आणि विडी कामगारांत काम करतो. काही वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी आमचा एक मागवाला कार्यालयात उसने मागायला आला. शनिवारी त्याचा पगार झाला होता. दोन दिवसांत पैसे गेले कुठे, असे विचारले तेव्हा त्याने खिशातून फोन काढून दाखवला. पैसे भरायचे, आपला अकरा जणांचा संघ जुळवायचा आणि बक्षिसाची वाट पाहायची, असा तो खेळ होता. त्याचे गणित मात्र पक्के होते. अमक्या फलंदाजाने मागच्या हंगामात इतके षटकार मारले, म्हणजे आज दोन-तीन तरी मारणारच! तो गडी पहिल्याच चेंडूवर परतला. “नशीब, साहेब,” मागवाला म्हणाला.

त्याला पैसे दिले, पण ते ‘नशीब’ आमच्या मनातून जाईना. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे असले ऑनलाइन खेळ बंद केले. चांगले झाले. परंतु अंदाज बांधण्याची खोड कायद्याने जात नाही, आणि हंगामाच्या तोंडावर चहाच्या टपरीवर जे हिशेब चालतात ते अजूनही त्या मागवाल्याचेच आहेत. म्हणून आम्ही एक वही घातली आणि पाहू लागलो की, षटकार येतो तरी कुठून.

मागावरच्या माणसाला ही गोष्ट खरे तर सांगावी लागू नये. एकच विणकर एका मागावर पाळीला जितके मीटर काढतो तितके दुसऱ्या मागावर काढत नाही. सूत तुटके आले, माग जुना असला, मध्येच वीज गेली, की मीटर घटले. मालक म्हणतो, कामगार आळशी झाला. आम्ही तीस वर्षे सांगत आहोत की, आधी सूत पाहा. आणि हाच कामगार सुट्टीच्या दिवशी क्रिकेट पाहताना मालकासारखा बोलतो! फलंदाजाचे नाव घेतो, मैदान पाहत नाही.

मैदानाचेच घ्या. इंडियन प्रीमियर लीगच्या पहिल्याच रात्री, १८ एप्रिल २००८ रोजी, ब्रेंडन मॅकलम यांनी नाबाद १५८ धावा केल्या, षटकार १३. ख्रिस गेल यांनी २३ एप्रिल २०१३ रोजी नाबाद १७५ केल्या, षटकार १७. समोर पुण्याचाच संघ होता, त्याचे आम्हांला फार वाईट वाटले होते. हैदराबादच्या संघाने १५ एप्रिल २०२४ रोजी २८७ धावा केल्या, षटकार २२. माणसे निराळी, संघ निराळे, वर्षे निराळी. पण तिन्ही वेळा मैदान एकच, बंगळूरचे चिन्नास्वामी. सीमारेषा जवळ, आणि शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच. उंचावर हवा विरळ असते, चेंडूला अडवणारे कमी असते. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यातही चेंडू मैदानापार टोलवण्याला फार मान आहे आणि दर वसंतात हंगामापूर्वी कोणता संघ असे किती टोले मारणार याचे अंदाज छापून येतात. तिथे डेन्व्हर हे शहर जवळजवळ सोळाशे मीटर उंचीवर आहे. तिथल्या मैदानावर चेंडू इतके लांब जाऊ लागले की, २००२ पासून सामन्याचे चेंडू आधी दमट कपाटात ठेवू लागले. दमटपणाने चेंडू थोडा मऊ होतो व कमी उसळतो. तिथले जाणकार खेळाडूचे नाव लिहिताना त्याच्यापुढे मैदानाचे नाव लिहितात. आमच्या वहीत हा पहिला रकाना.

दुसऱ्या रकान्याला आम्हांला बरेच दिवस नाव सापडत नव्हते. ते एका जुन्या डावाने दिले. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता, आणि काठेवाडच्या संघाने पुढे खेळायचेच नाकारले. ही हकिगत आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पण त्या डावातले फटके कोणी मोजत नाही. चौकार ४९. षटकार? एक! आठ तासांहून अधिक वेळ खेळलेल्या, गोलंदाजी पार मोडून काढलेल्या माणसाचा एकच षटकार. विजय मांजरेकरांनी कसोटीत ३२०८ धावा केल्या, त्यात तर एकही नाही. या माणसांच्या मनगटात बळ नव्हते असे कोण म्हणेल? चेंडू उचलून मारणे म्हणजे झेल देणे, आणि झेल देणे म्हणजे संघाचा घात, अशी त्या काळची शिकवण होती. बाद होण्याची किंमत फार मोठी होती.

त्याच काळाच्या आधी सी. के. नायडू होऊन गेले हे आम्ही विसरलेलो नाही. नागपूरला जन्मलेल्या या गृहस्थांनी १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर इंग्लंडहून आलेल्या एम.सी.सी. संघाविरुद्ध १५३ धावा केल्या आणि त्यात ११ षटकार मारले. अपवाद प्रत्येक काळात असतात. त्यांच्यावर पगार लावू नये इतकेच.

आता रवी शास्त्री पाहा. संथ खेळतो म्हणून प्रेक्षकांच्या शिव्या खाल्लेला हा फलंदाज. १० जानेवारी १९८५ रोजी वानखेडे मैदानावर बडोद्याविरुद्ध त्यांनी एका षटकात सहा षटकार मारले, डावात एकूण १३, आणि ११३ मिनिटांत द्विशतक. त्या दिवशी त्यांना नवे हात फुटले नव्हते. मुंबईला डाव लवकर सोडायचा होता, भराभर धावा हव्या होत्या, आणि बाद झाले तरी कोणी बोल लावणार नव्हते. म्हणजे बाद होण्याची किंमत त्या दुपारी शून्यावर आली होती. तोच माणूस, तीच बॅट. आमच्या दुसऱ्या रकान्याचे नाव आहे ‘बाद होण्याची किंमत’. (ज्याची नोकरी एका शब्दाने जाऊ शकते तो कामगार सभेत मागच्या रांगेत बसतो, हे आम्ही रोज पाहतो. त्यामुळे नाव सुचायला इतका उशीर लागायला नको होता.)

ही किंमत कोण ठरवतो? पुष्कळदा नियम. आयपीएलच्या पहिल्या हंगामात, २००८ साली, ६२२ षटकार पडले. २०२२ साली ते हजाराच्या पुढे गेले; अर्थात सामनेही वाढले होते. २०२३ पासून प्रत्येक संघाला सामन्याच्या मध्येच एक खेळाडू बदलण्याची मुभा मिळाली. याचा व्यवहारात अर्थ असा की, आठव्या क्रमांकापर्यंत फलंदाजच फलंदाज. मागे माणसे उभी आहेत म्हटल्यावर सलामीचा गडी पहिल्या चेंडूपासून उचलून मारू लागला. २०२४ साली षटकार साडेबाराशेच्या आसपास गेले. वर्तमानपत्रांनी लिहिले, नवी पिढी बलवान आहे. पिढी बलवान असेलही. पण दोन वर्षांत मनगटे इतकी जाड होत नाहीत.

या सगळ्यात गोलंदाजाची बाजू कोणी मांडत नाही, म्हणून जाता जाता एक शब्द. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी अहमदाबादेत महाराष्ट्राच्या ऋतुराज गायकवाड यांनी उत्तर प्रदेशाविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले. एक चेंडू ‘नो बॉल’ होता म्हणून सात. एकदिवसीय सामन्यांत जगात असे पूर्वी झाले नव्हते. ते डावाचे एकोणपन्नासावे षटक होते, आणि सलामीला आलेला, दीडशेच्या वर गेलेला गडी समोर होता. अशा वेळी फिरकी गोलंदाजाच्या हाती चेंडू दिला कोणी, हे कोणी विचारत नाही. कामावर पाठवणारा एक आणि ठपका दुसऱ्यावर, ही रीत आम्हांला फार ओळखीची आहे.

असो. अंदाज फसतो कसा, हेही सांगितले पाहिजे. २०२५ चा हंगाम सुरू होण्याआधी सगळे म्हणत होते, हैदराबाद यंदा तीनशे करणार. पहिल्याच सामन्यात त्यांनी २८६ केल्या, तेव्हा आम्हीही वहीत तसे लिहून ठेवले. हंगामात तीनशे कोणाच्याच झाल्या नाहीत आणि हैदराबादचा संघ सहाव्या क्रमांकावर राहिला. आमची चूक अशी की, आम्ही एका संध्याकाळीवरून दोन महिन्यांचा हिशेब केला. त्या मागवाल्याने उलटे केले होते, हंगामावरून एका संध्याकाळीचा. चूक एकाच घरची.

आता आपल्या घरच्या हंगामाकडे येतो, म्हणजे महाराष्ट्र प्रीमियर लीगकडे. ही स्पर्धा २०२३ साली सुरू झाली आणि पहिली तिन्ही वर्षे जून महिन्यात पुण्याजवळ गहुंज्याला भरली. पहिल्या वर्षी आपला ‘सोलापूर रॉयल्स’ नावाचा संघही तीत होता. अंदाज बांधणाऱ्याला ही स्पर्धा फार सोयीची, कारण सगळे संघ एकाच मैदानावर खेळले. म्हणजे पहिला रकाना सर्वांना सारखा, तो खोडून टाका. उरला दुसरा. कोणत्या संघाचा सातवा आणि आठवा गडी फलंदाजी करू शकतो, ते आधी पाहा. तिथे नुसते गोलंदाज असतील तर वरचे तिघे कितीही नावाजलेले असोत, जपूनच खेळतील.

तिसरा रकाना चेंडूंचा. वीस षटकांत चेंडू १२० आणि ते वाटून घ्यायचे. १९ जून २०२३ रोजी ईगल नाशिक टायटन्सकडून आपल्या सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णी यांनी पुण्याच्या संघाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या, त्यात षटकार १३. म्हणजे ११७ पैकी ७८ धावा नुसत्या षटकारांच्या. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. सोलापुरात त्या रात्री जो आनंद झाला तो योग्यच. पण १२० पैकी ५४ चेंडू त्यांच्या वाट्याला आले ते सलामीला पाठवले म्हणून. सहाव्या क्रमांकावर त्यांना पंधरा मिळाले असते, आणि पंधरा चेंडूंत तेरा षटकार देवही मारणार नाही. त्याच डिसेंबरात लखनौच्या संघाने त्यांना २० लाखांना घेतले. तेव्हापासून गहुंज्याला उतरणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोळ्यांपुढे तो डाव असणार. षटकार दिसतो, एकेरी धाव दिसत नाही. म्हणून आमचा अंदाज असा की, नव्या हंगामात ज्या संघात पुढच्या लिलावाची आस असलेली तरुण पोरे सलामीला असतील, तिथे पहिल्या सहा षटकांत षटकारही जास्त पडतील आणि गडीही जास्त बाद होतील. जुने कप्तान असलेले संघ शेवटच्या चार षटकांत मारतील.

चौथा रकाना आम्ही किरण नवगिरे यांच्यामुळे घातला. त्याही आपल्याच जिल्ह्याच्या. शेतकऱ्याच्या घरची मुलगी, आधी भालाफेक आणि गोळाफेक करणारी. २०२२ साली त्यांनी गुवाहाटीला एका टी-ट्वेंटी डावात नाबाद १६२ धावा केल्या, षटकार १६. वीस षटकांच्या खेळात दीडशेचा टप्पा त्यांच्याआधी कोणाही भारतीयाने, पुरुषानेसुद्धा, ओलांडला नव्हता. समोर अरुणाचलचा नवखा संघ होता हे आम्ही वहीत लिहिले आहे, लपवत नाही. पण त्या कोणाकडून खेळत होत्या? नागालँडकडून! सोलापूर जिल्ह्यातल्या मुलीला डावाच्या सुरुवातीला मोकळेपणाने बॅट फिरवायला तिथे जावे लागले. पुढे त्या महाराष्ट्राकडे परतल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक ठोकले. महिलांच्या टी-ट्वेंटीत त्याहून जलद शतक तोवर कोणाचेच नव्हते. मधल्या काळात भालाफेकीचा खांदा तोच होता. चौथ्या रकान्यात आम्ही लिहितो : ‘पाठवले कोणी?’

सभेनंतर आपल्यापैकी कोणी आम्हांला विचारील की, यंदा सर्वांत जास्त षटकार कोणता संघ मारील, ते एका शब्दात सांगा. संघांच्या याद्या समोर आल्या की चारही रकाने भरून आम्ही येथल्या वाचनालयाकडे वही पाठवून देऊ. पैसे मात्र कोणी लावू नयेत, वहीवर तर मुळीच नाही. शिवाय जून हा पावसाचा महिना. चेंडू ओला झाला की फिरकीवाल्याच्या बोटांतून निसटतो आणि षटकार वाढतात; मैदान ओले झाले की जमिनीवरून जाणारा चौकार अडतो, म्हणून पोरे आणखीच उचलून मारतात; आणि पाऊस फारच झाला तर सामनाच होत नाही. २०२३ चा अंतिम सामना असाच वाहून गेला, आणि गुणतक्त्यात वर असलेल्या रत्नागिरीला विजेतेपद मिळाले. म्हणून वहीत पाचवा रकाना आहे, त्याचे नाव ‘आभाळ’. तो आम्ही अद्याप कोराच ठेवला आहे. माणदेशात बसून पावसाचा अंदाज सांगण्याइतके धाडस आमच्यात नाही.